पॅसेंजरची मालकीण

रत्नागिरीहून सुटणाऱ्या पॅसेंजरला आमच्या डब्यात मिरकरवाड्याची एक मासळीवाली असते. नाव मी विचारलं नाही, तिनंही माझं विचारलं नाही. मी तिची आजी, एवढंच. ती सुक्या सोड्यांची टोपली बाकाखाली सरकवते आणि कुणी नाक मुरडलं की लगेच म्हणते, "वास नको, पण कालवण हवं ना?"

त्या दिवशी मी खेडला पणतूच्या बारशाला निघाले होते. उक्षीला आमची गाडी एक्स्प्रेसला वाट देत रोज थांबते, म्हणून मी आपली करवंदं घ्यायला उतरले. नेमकी एक्स्प्रेस उशिरा धावत होती, म्हणून तिची वाट न बघता आमची गाडी लगेच हलली! बाळाची अंगडी-टोपडी डब्यात आणि मी फलाटावर. गेलं बारसं, म्हटलं.

तेवढ्यात ही बया टोपली तशीच टाकून चालत्या गाडीतून उतरली, माझा हात धरला आणि शेवटच्या डब्याकडे बघून ओरडली, "ओ गार्डभाऊ, लाल बावटा दाखवा! आमची म्हातारी ऱ्हायली!"

गाडी थांबली. गार्डनं आम्हा दोघींना आपल्याच डब्यात ओढून घेतलं आणि झापलं, "गाडी म्हणजे रिक्षा वाटली काय तुम्हाला?"

ही पदरानं वारा घेत म्हणाली, "रिक्षावाला बरा. निघताना विचारतो तरी, सगळी बसली काय!"

गार्डनं हिरवा बावटा उचलला, मग थांबून माझ्याकडे वळला. "काय आजी, निघूया ना?"