मागची पंगत

भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटीवर वरच्या वर्गाला वेताच्या खुर्च्या असत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी लालबाग-परळ दणाणत होतं, त्या दिवसांत मी तिला त्या बोटीवर पाहिलं. करी रोडच्या गिरणीत काम करणारी, नऊवारीतली, काखेत गाठोडं. जन्मभर खालच्या वर्गात सामानाला टेकून गावी गेलेली. या खेपेला तिने हौसेने वरचं तिकीट काढलं होतं. आणि तिच्या खुर्चीत बोट कंपनीचा एक कारकून फुकटच्या पासावर पाय पसरून बसला होता.

"खाली जागा आहे, बाई," तो म्हणाला. "आम्ही कंपनीचे. घरचेच लोक."

तिने गाठोडं ठेवून पदर खोचला.

"घरचे मां? मगे उठा. घरची माणसां मागल्या पंगतीक बसतत. आधी पावणे."

आसपासचे हसले आणि कारकून उठला. तिने चपला काढून खुर्चीवर ऐसपैस मांडी घातली.

मुंबई कोणाची, यावर त्या वर्षी मी पुष्कळ भाषणं ऐकली. खुर्ची कोणाची, हे तिने चार वाक्यांत मिटवलं. रत्नागिरी येईपर्यंत कारकून कठड्याला टेकून उभा होता. पहिली पंगत काही उठली नाही.