काका ‘थांब’ म्हणाले

चहा आधी ओतून घ्या. कारण एकदा सुरुवात केली की मी मध्ये थांबणार नाही, आणि थांबलो तर पुढचं सांगायची मला लाज वाटेल. माझ्या शहाणपणामुळे एक ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली होती, राव! आणि कोणाचं? ज्यांच्या घरात अकरा वर्षं भाड्याने राहतोय, त्या घरमालकांच्या मुलीचं!

आम्ही राईगावात राहतो. खाली घरमालक, वर आम्ही. मी मूळचा लांज्याचा, इथे एका खाजगी क्लासमध्ये विज्ञान शिकवतो. भूत, करणी, नजर असलं कोणी काही बोललं की त्याला तिथल्या तिथे सरळ करायचं, हा माझा जुना छंद. गणपतीत मंडळाच्या स्टेजवरून ‘भूत म्हणजे मनाचा खेळ’ यावर तीन वर्षं बोललोय मी. टाळ्याही पडल्यात. हे लक्षात ठेवा, पुढे माझ्याविरुद्ध वापरायला उपयोगी पडेल.

घरमालक जनूकाका गेल्या वर्षी वारले. गेले म्हणजे काय, संध्याकाळी ओट्यावर बसून माझ्याशी बोलले आणि सकाळी नव्हतेच. त्यांना एकच वेड होतं. मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि काकींचे धवले रेकॉर्ड करायचे. धवले म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात बायका गातात ती गाणी. काकींचा आवाज असा होता की हळद राईला असली तरी शेजारच्या मुर्धा गावाला ऐकू जाईल! मग काकींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. आता बोलल्या तरी कुजबुजल्यासारखं वाटतं.

त्यांची मुलगी निशा. तिचं लग्न ठरलं खारीगावच्या परेशशी. पंधरा दिवस राहिले असताना काकी वर आल्या.

“मास्तर, निशाचे हलदीला माझाच धवला लावाचा हाय. ह्यांनी आपरेशनचे आधीच रेकॉर्ड करून ठेवलाय. काढून देताव?”

“काकी, हे काय विचारणं झालं? दोन मिनिटांचं काम!”

दोन मिनिटं! हे शब्द मला आजही चावतात.

मागची खोली काका गेल्यापासून बंद होती. खिडकी खाडीकडे. दुपारची वेळ, ओहोटी लागलेली, चिखलाचा वास, आणि बाहेर एक पान हलत नाही. काकांची लाकडी खुर्ची तशीच, पाठीवर त्यांचा टॉवेलसुद्धा तसाच. मी कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर काकांचा फोटो उगवला. पांढरा सदरा, डोळे थेट आपल्याकडे.

‘निशाची हलद’ नावाची फाइल सापडली. उघडली. आधी खुर्चीची करकर. मग खोकला. तोच, काकांचा! काकींनी माझा दंड धरला. आणि मग काका बोलले.

“थांब… थांब जरा!”

खट्ट! पडदा निळा झाला, मग काळा.

तेवढ्यात कोणी हात न लावता आतला पंखा घुरघुरला, मशीन आपलं आपणच चालू झालं, आणि काळ्या पडद्यातून पुन्हा काकांचा चेहरा वर आला. आमच्याकडेच बघत!

“व्होल्टेज,” मी म्हणालो. विज्ञानाचा माणूस ना मी!

वायर बदलली. “थांब… थांब जरा!” खट्ट. प्लग बदलला. “थांब…” खट्ट. पेनड्राइव्हवर घ्यायला गेलो, तर काका बोललेच नाहीत, थेट अंधार. बाकी सगळं व्यवस्थित चालत होतं हो! काकांच्या नोकरीचे कागद, निशाचे शाळेतले फोटो, जुने धवलेसुद्धा. फक्त ही एक फाइल, आणि फक्त हा एक शब्द.

दारात निशा उभी होती. तिच्या लक्षात आधी आलं. “आई, बाबा नेहमी काय बोलायचे?”

“गाताना ह्ये थांब बोल्लेले मना तं याद न्हाय,” काकी एवढंच पुटपुटल्या. पण मला माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं. काका म्हणायचे, “पोरीला रेल्वेच्या पलीकडं द्याची न्हाय.” रुळांच्या पश्चिमेचा माणूस, पूर्वेला जायचं म्हणजे त्यांना परदेश वाटायचा. आणि खारी कुठे? पूर्वेला!

“काकी, असं काही नसतं,” मी म्हणालो आणि जिन्यावर उभं राहून अर्धा तास बोललो. ध्वनी म्हणजे कंपन, माणूस गेला की गेला, वगैरे. काकी मान हलवत होत्या. नजर मात्र त्या खोलीच्या दाराकडे.

तिसऱ्या दिवशी मायलेकी पत्रिका वाटायला गेल्या. मी क्लासला दांडी मारली आणि चावी घेऊन एकटा त्या खोलीत शिरलो. म्हटलं, बघतोच आज!

उघडली. “थांब…” अंधार. पुन्हा उघडली. “थांब…” अंधार. पाचव्यांदा मला वाटलं आवाज चढलाय. हसू नका! तुम्ही नव्हतात तिथे. खिडकीतून खाडी दिसत होती आणि खाडीत पाणीच नव्हतं. खुर्चीत मी बसलो होतो, पण करकर ऐकू येत होती ती आतून. सहाव्यांदा अंधार झाला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, मी जाऊ का?”

आणि मशीन चालू झालं! आपोआप! पुन्हा तो चेहरा!

मी जिना चढून वर गेलो तो कसा गेलो मला आठवत नाही. स्वयंपाकघरात बायकोने माशांच्या कालवणासाठी नारळ आणून ठेवला होता. तो उचलला. ती म्हणाली, “अहो, कुठे चाललात?” मी म्हटलं, “प्रयोग आहे.”

खाली येऊन तो नारळ मी कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवला. चप्पल बाहेर काढली. हात जोडले, डोळे मिटले, आणि लहानपणी लांज्याला देवळात ऐकलेलं गाऱ्हाणं जसं आठवेल तसं सुरू केलं. “बा महाराजा, जनूकाका… पोरीचं लग्न आहे. खारी काही लांब नाही, रिक्षा मिळते. काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घ्या, आणि ती फाइल तेवढी उघडू द्या, महाराजा!”

डोळे उघडले. दारात काकी. हातात पत्रिकांची पिशवी.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “तुमी पन?”

“काकी, हा नारळ कालवणासाठी…”

पण काय बोलणार? स्टेजवरून भूत नाही म्हणून ओरडणारा माणूस कॉम्प्युटरपुढे अनवाणी उभा! त्या बाईला एवढा पुरावा पुष्कळ झाला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, भिंतीला टेकून बसल्या, आणि खारीला फोन लावला.

“हलद ठेवू नका. ह्यांच्या मनात न्हाय.”

निशा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळाचा आवाज आणि त्याच्या आतला तिचा आवाज, दोन्ही मी ऐकले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. एका पोरीचं लग्न माझ्या नारळाखाली चिरडलं होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास परेश आला, स्कूटर घेऊन, एकटाच. त्याचं खारीला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. वाद नाही, विनवणी नाही. हेल्मेट काढलं आणि म्हणाला, “काकी, मशीन दाखवा.”

नारळ अजून डब्यावरच होता. त्याने तो उचलून अदबीने बाजूला ठेवला. चालू करताना कुठलीतरी बटणं दाबली. या वेळी काकांचा फोटो आला नाही, साधा काळा पडदा आला. तो यादी बघत गेला. मी मागे उभा, काकी आणि निशा दारात.

“काकी, यात दोन अँटिव्हायरस आहेत,” तो म्हणाला. “एकाच मशीनवर दोन चालत नाहीत. फाइल उघडली की दोघं एकदम तिला तपासायला धरतात. हा सोडत नाही, तो सोडत नाही, आणि मशीन बसतं. मग आपोआप परत चालू होतं.”

“मंग बाकीची गानी वाजतान ती कशी?” काकींनी विचारलं.

“ती आधीची आहेत, तपासून झालेली. ही नंतरची, मोठी. त्यात वेगळ्या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड केलीय, म्हणून दोघांना संशय. एक जुना आहे, काकांचाच. दुसरा दोन वर्षांपूर्वी टाकलाय.” तो वळला. “कोणी टाकला हो?”

आता कोणी टाकला? सांगतो. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत मी काकांना म्हणालो होतो, “काका, एकच अँटिव्हायरस? गेटवर एक वॉचमन झोपला तर दुसरा नको का?” आणि मोठ्या हौसेने दुसरा टाकून दिला होता. काका नको नको म्हणत होते.

तिघं माझ्याकडे बघत होते. मी खिडकीतून खाडीकडे बघितलं.

“असेल कोणीतरी दुकानवाला,” मी म्हणालो.

परेशने एक काढून टाकला. फाइल पेनड्राइव्हवर उतरली, निमूटपणे. “वाजवून बघू?” त्याने विचारलं.

“नको,” काकी म्हणाल्या. “मशीनचा तुझा खरा असंल. पन त्यांचा सबूद अर्धा राह्यलाय. हलद होऊ दे, मांडवात लावू. त्यांना बोलाचा हाय ते समद्यांसमोर बोलू दे. न्हाय बोल्ले तं न्हाय.”

आमच्या तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. परेशने निशाकडे बघितलं. निशा म्हणाली, “चालेल.” त्या पोरीची हिंमत बघा!

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव. सगळी आळी जमलेली. निशा पाटावर, हळदीने माखलेली, डोळे मिटून. काकींनी खूण केली. स्पीकर खरखरला.

खुर्चीची करकर. खोकला. बायकांची कुजबुज बंद झाली. वर्षभरापूर्वी गेलेला माणूस दोन मोठ्या स्पीकरमधून मांडवभर श्वास घेत होता. मी मांडवाचा खांब धरला.

“थांब… थांब जरा!”

काकींनी पदर घट्ट धरला. एक क्षण काहीच नाही. या वेळी अंधार झाला नाही.

“आधी दाराला कडी घाल. तो वरचा मास्तर आला तं परत माझे कॉम्प्युटरला हात लावंल! दोन दोन वॉचमन बसवून गेलाय, तवापासून मशीन मरतंय. त्याला कोनी सांगाचा? हां… आता गा.”

आणि काकींचा आवाज उठला. जुना, भरलेला, मुर्ध्यापर्यंत जाणारा.

तो कोणाला ऐकू आला असेल असं मला वाटत नाही. मांडव हसत होता! म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. निशा हळदीच्या हातांनी तोंड झाकून हसत होती. आणि काकी, वर्षभरात पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होत्या. माझी बायको म्हणाली, “प्रयोग झाला का तुमचा?”

लग्न थाटात झालं. खारीच्या मांडवात परेशने वाकून नमस्कार केला आणि हळूच विचारलं, “काय दुकानवाले, जेवलात का?”

भुतांवर माझा विश्वास आजही नाही. काकी आता रोज दुपारी त्या खोलीत बसून धवले ऐकतात. काय गातात हो त्या त्यात! मला वाटतं आपणही जाऊन दोन मिनिटं बसावं.

पण मी जिना उतरायला लागलो की आतून आवाज येतो. कडी घातल्याचा.