चिन्नप्पाच्या आईचे दात

कवळी बसवली, की चिन्नप्पा गिऱ्हाइकाला लगेच सोडत नसे. ज्वारीची वाळवलेली कडक भाकरी हातात द्यायचा, समोर बसायचा आणि ती चावून संपेपर्यंत उठू द्यायचा नाही. गिऱ्हाईक तहसीलदार असला तरी सुटका नव्हती. दुकान आमच्या घराला लागूनच, त्यामुळे भाकरी आमच्याकडून जायची आणि थापायला मी, नवी सून, होतेच.

त्याच्या खऱ्या नावाला कुणाचीच जीभ वळली नाही. चिनी म्हणून लोकांनी चिन्नप्पा केलं, त्यानेही पाटीवर तेच रंगवून घेतलं. निझामाच्या राज्यात तो आला तो पाठीवर रेशमाचं गाठोडं घेऊन. हळ्ळीखेड, कमठाणा असा पायी हिंडायचा. गावोगावची म्हातारी माणसं ताकात भाकरी कुस्करून गिळताना त्याने पाहिली आणि रेशमाचा धंदा सोडला. हैदराबादेत एका गाववाल्याकडे दात करायला शिकला, हुमनाबादेत आमच्या शेजारी दुकान टाकलं, मग गुलबर्ग्याला दुसरं, मोठं, पगारी कारागिरांचं. एवढं केलं, पण त्याची आई तिकडे चीनमध्ये बोळक्या तोंडाने पेज पीत होती. "सगळ्यांची आई भाकर खाती, माझी न्हाई," म्हणायचा.

शेवटी गावी निघालेल्या एका रेशीमवाल्याबरोबर त्याने मेण धाडलं. आईच्या हिरड्यांचा ठसा परत आला तो नेमका वैशाखात. उन्हाळाभर स्वतःचं मेण माठाच्या पाण्यात ठेवणाऱ्या या शहाण्याला, येताना वाटेत आपला उन्हाळा लागेल हे सुचलंच नव्हतं. डबी उघडली तर आत नुसता गोळा. मला त्याचा संताप आला आणि वाईटही फार वाटलं.

दुसरा ठसा मागवायचा, तोवर महायुद्धाची लढाई पेटली आणि चीनच्या वाटा बंद झाल्या. मग एके दिवशी तो माझ्या सासूबाईंपुढे, अक्कांपुढे, येऊन बसला. अक्कांचेही सगळे दात गेलेले, पण देवानं नेलं ते परत कामून आणायचं, म्हणून त्याला त्यांनी कायम हाकलून लावलं होतं.

"अक्का, आईचं तोंड तुमच्याएवढंच हाय," तो म्हणाला.

एकाचा ठसा दुसऱ्याला चालत नाही, हे गिऱ्हाइकांना तोच बजावायचा. अक्कांनाही ते कळत होतं. तरी त्यांनी तोंड उघडलं.

कवळी देखणी झाली. न्यायला मात्र कुणी नव्हतं. दुकानात काचेच्या वाडग्यात ती पडून असायची आणि रोज सकाळी चिन्नप्पा तिचं पाणी बदलायचा. लढाई संपल्यावर निरोप आला, आई कधीच गेली होती.

त्या दिवशी तो वाडगा घेऊन आमच्याकडे आला. "टाकवत न्हाई, अक्का," एवढंच म्हणाला. अक्कांनी कवळी घातली. बसायचीच ती, त्यांच्याच तोंडाची होती. मग त्यांनी स्वतः माझ्याकडे कडक भाकरी मागितली. चिन्नप्पा सवयीने समोर बसला, पण त्याला वर बघवेना.

"कामून रडायलास? बघ की रे इकडं," अक्का म्हणाल्या आणि तो बघेपर्यंत चावत राहिल्या.