आईच्या आवाजातला अर्ज

आमच्या डोंगरगावात क्युसाकू छपरासाठी ओंडक्यांतून फळ्या फोडून काढायचा. हात राकट, मान बैलाची. पण कापणी आटोपल्यावर देवळापुढं गावकऱ्यांचं काबुकी नाटक व्हायचं, त्यात आईची भूमिका वीस वर्षं त्याचीच. बायकांना मंचावर यायची बंदी होती. मग हा गडी झऱ्याकाठी बसून राहायचा. ओझं उचलताना बाई आधी कुठला गुडघा टेकते, रडू आवरताना कुठं बघते, सगळं टिपायचा.

"अहो, बायकांकडं असं टक लावून बघता, लोक काय म्हणतील?" त्याची बायको ओतोयो म्हणायची.

"म्हणू देत. लाकडं आणून तू कंबर धरून उठतेस, हे मला लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर दिसलं. तेही नाटकामुळं."

एका वर्षी सरदाराच्या माणसांनी जंगल बंद केलं. उभं झाड सोडाच, खाली पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. बर्फ तोंडावर आलेला. विधवांच्या घरी तर चूलच थंडावली. शेवटी मुखिया जिनएमोन, क्युसाकू आणि मी अर्ज घेऊन अधिकाऱ्याकडे गेलो. तो ओसरीवर, कमरेला दोन तलवारी. आम्ही खाली खडीवर, कपाळ जमिनीला टेकून.

"बोला."

जिनएमोनची बोबडी वळली. आणि माझ्या शेजारून बाईचा आवाज उमटला.

"स्वामी, लेकरू काकडतंय. माझ्या बाहीनं त्याचं डोकं झाकावं, तर पाय उघडे पडतात..."

हे आमच्या नाटकातलं! क्युसाकूच्याही ते ध्यानात आलं आणि तो अडकला. पायरीवर बसलेला कारकून फिसकन हसला. मला वाटलं, आता संपलं.

तेवढ्यात ओसरीवरून हलकेच ऐकू आलं, "...पाय झाकावेत, तर डोकं."

सामुराईनं नाटकाला जायचं नसतं. जाणारे टोपीत तोंड लपवून जातात. आमच्यातल्या कुणीही मान वर केली नाही.

मग अधिकारी म्हणाला, "पुढचं तुझ्या शब्दांत सांग."

क्युसाकूनं सांगितलं. कोण विधवा, कुणाचे गुडघे गेलेत, कुणाच्या घरी तान्हं आहे. वाळक्या फांद्या उचलायला परवानगी मिळाली.

वसंतात मात्र वरून दुसरा हुकूम आला. नाटकं बघून शेतकरी तोंड वर करून बोलायला शिकतात, तेव्हा या गावात नाटक बंद.

"चूल पेटवलीस, पण आमची करमणूक विझवलीस की रे," जिनएमोन त्याला टोमणा मारायचा. क्युसाकूनं आईच्या भूमिकेतला किमोनो उसवला आणि ओतोयोनं त्याची रजई शिवली.

"वाईट वाटतं का रे?" मी एकदा विचारलं.

"वाटतं ना. पण त्या अधिकाऱ्याचं जास्त वाटतं. अख्खं वाक्य पाठ होतं बघ त्याला, आणि कुणाजवळ म्हणायची सोय नव्हती."

नंतर तो अकरा वर्षं जगला. मंचावर पुन्हा कधी उभा राहिला नाही. बायका टोपल्या घेऊन जंगलात निघाल्या, की त्याच्या अंगणाशी थांबून ओरडायच्या, "आई, येतो हं!"

"सावकाश जा गं," तो फळ्या फोडता फोडता म्हणायचा, आपल्या जाड्याभरड्या आवाजात.