चुलीसाठी राखलेला कॅन

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, टेकडीवरच्या मैत्रिणींना तर नाहीच — त्यांना सांगितलं असतं तर दुपारच्या आत अख्ख्या कोथरूडला कळलं असतं. तुम्हाला सांगते.

आमचा टेकडीवरचा गट म्हणजे दहा-बारा निवृत्त माणसं. रोज सकाळी पाण्याचा कॅन घेऊन चढायचं आणि आपण लावलेल्या रोपांना पाणी घालायचं. गुडघे कुरकुरतात, पण काय मजा येते म्हणून सांगू! आणि थंडी सरता सरता एका रविवारी वरच भरीत-भाकरी. तीन दगडांची चूल आणि माझ्या हातचं भरीत. भरिताच्या बाबतीत मी नम्र नाही — उगाच खोटं कशाला बोलू?

नियम एकच. एक कॅन चुलीसाठी राखायचा. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, राखेला हात लावून बघायचा आणि मगच उतरायचं. त्या दिवसांत टेकडीवरचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. पाच वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी हे काम माझ्याकडे होतं. बाकीची मंडळी हसत-खिदळत पुढे उतरली.

आणि मी — नातीच्या बारशाला लावलेली माझी बकुळ तिथेच, दहा पावलांवर होती. पानं मलूल झालेली. हातात एकच कॅन. काय केलं असेल मी? सगळं पाणी बकुळीला घातलं. चुलीवर पायाने माती लोटली आणि झालं की, असं स्वतःला सांगितलं. हात लावून पाहिला नाही.

अर्ध्या वाटेवर धूर दिसला. आरडाओरडा पहिल्यांदा मीच केला — त्याचंही पुढे कौतुक झालं. धोंडीमामा सगळ्यांच्या आधी धावले. ते पायथ्याच्या जुन्या गावातले, वर शेळ्या चारायला आणतात. ओल्या फांद्यांनी झोडपून त्यांनी आणि आमच्या लोकांनी आग विझवली. कोणाला इजा झाली नाही, पण त्या उतारावरची सगळी रोपं गेली. एक बकुळ वाचली. तिच्याभोवतीची माती ओली होती ना.

आग लागली कशाने? कोणीतरी मामांच्या कानावरच्या विडीकडे पाहिलं. मामांचा चेहरा उतरला.

"सकाळी हितंच वढली व्हती म्या. माझीच असंल."

मी समोर उभी होते, रिकामा कॅन हातात धरून. आणि मी काय म्हणाले? "जाऊ द्या मामा, होतं असं कधीकधी." — मी त्यांना माफ केलं!

मामांनी त्या दिवसापासून विडी सोडली. खोकला गेला, सून खूश झाली. आता ते आमच्याच गटात आहेत, दोन-दोन कॅन घेऊन आमच्या आधी वर पोचतात आणि आमच्या धापांची यथेच्छ टिंगल करतात. भरिताच्या दिवशी निखारे तेच विझवतात, नवख्यांना दरडावून राखेत हात घालायला लावतात. नवी रोपं कमरेएवढी झाली आहेत. रोज कधी एकदा सकाळ होते असं मला होतं, इतकी मी तिथे आनंदात असते. हा आनंद खरा आहे — म्हणून तर जीभ रेटत नाही.

विडी सुटली, मामांचं भलंच झालं — असंही मनाशी घोळवून पाहिलं. पण विडी त्यांनी सोडली. त्यात माझं काय?

यंदा बकुळीला पहिल्यांदा फुलं आली. मामा रोज पहिला कॅन तिलाच घालतात. म्हणतात, "माझ्या आगीतनं वाचल्यालं येवढंच लेकरू हाय." काल त्यांनी खाली पडलेली फुलं वेचली आणि नातीसाठी म्हणून माझ्या ओंजळीत ठेवली.

मी ती घेतली.