मोतीमामांची फुकटची प्रणाली

आमच्या बेटावर रोझ हिलला मोतीमामांकडे मिठाई न घेता गेलेलं चालायचं, पण रिकामी फ्लॉपी नेली नाही तर त्यांचा चेहरा पडायचा. "मामाकडं आलास आणि भांडं विसरलास होय रे?" त्यांनी भरून दिलेली पहिली फ्लॉपी मी नीट दुमडून खिशात घातली होती. भाच्यांमध्ये माझी पायरी त्या दिवशी ठरली, ती अजून तीच आहे.

मामा सरकारी कचेरीत कारकून. एकोणीसशे ऐंशीनंतर कधीतरी त्यांनी एक लहानसा संगणक घेतला आणि संध्याकाळी खपून त्याच्यासाठी स्वतःची प्रणाली लिहिली. प्रणाली म्हणजे यंत्राला जागं करून कामाला लावणारा मूळ कार्यक्रम. हे वाक्य मामांचं. मला त्यापलीकडे आजही कळत नाही. मागेल त्याला ते ती देत, आतल्या सगळ्या ओळींसकट. अट एकच, आमच्या झाकडीच्या नाचगाण्यातली. दुसऱ्या मेळ्याचं गाणं उचललं, तर आपलं एक कडवं जोडून त्याला म्हणून दाखवायचं. "घे, पण काहीतरी जोडून आण." सें पिएर गावच्या एका मास्तरांनी प्रणालीला फ्रेंच अक्षरं लिहायला शिकवलं, तेव्हा मामींनी शेवयांची खीर केली.

आमच्या मराठी मंडळानं मुलांच्या रविवारच्या वर्गासाठी संगणक घेतला, तेव्हा मामांनी प्रणाली पुढे केली. चिटणीस रामजीभाऊ म्हणाले, "ग्रातिस? आयो, मोतीभाऊ! फुकटचं उद्या बिघडलं तर बोंबलायचं कुणाच्या दारात?"

"माझ्या. समोरच तर आहे."

सगळे हसले. प्रणाली घेतली नाही.

मग मामांचा क्वात्र बॉर्न गावचा शिष्य सुरेश यानं तिला आतल्या ओळी झाकणारं कुलूप जोडलं, मामांचं नाव काढून आपल्या दुकानाचं घातलं आणि परवाने विकायला काढले, एका यंत्राला एक. किंमत ऐकून मामी मटकन खाली बसल्या. मंडळानं मात्र तीच प्रणाली हार घालून घेतली. "भांडा की," मी मामांना म्हटलं.

"काय म्हणून भांडू? जोडून आण म्हटलं होतं, त्यानं जोडलं." हसले खरे, पण चहा अर्धाच टाकून उठले.

मामांचं वाटप चालूच होतं. सुरेशनं मंडळाला निरोप पाठवला: तुमच्या सभासदाच्या घरची बिनपरवान्याची प्रत गेली नाही, तर तुमचा परवाना रद्द. रामजीभाऊ मला बरोबर घेऊन मामांकडे आले. घरचा माणूस असावा म्हणून.

"राग मानू नका, मोतीभाऊ. तेवढं पुसून टाका."

"माझंच?"

"कागदावर सुरेशचं आहे ना."

मामा म्हणाले, "नाही पुसलं तर पोरांचा वर्ग बंद?"

"बंदच."

मामांनी कपाटातून मूळ फ्लॉप्या काढल्या आणि एकेक यंत्रात घालून पुसली. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. रामजीभाऊंनी मला हळूच विचारलं, "गेलं का रे?" मला काय कळतंय! मी मामांकडे पाहिलं.

"गेलं," मामा म्हणाले.

रामजीभाऊंना हायसं वाटलं. दारात चपला घालता घालता म्हणाले, "आता तुम्हीच या की वर्गावर. सुरेश शिकवायचे वेगळे मागतो."

आणि मामा वर्गावर गेले! मला त्यांचा इतका राग आला की महिनाभर त्यांच्याकडे फिरकलो नाही. मरेपर्यंत ते दर रविवारी सुरेशच्या दुकानाचं नाव झळकणाऱ्या त्या पडद्यापुढे पोरांना शिकवत राहिले. एखादं चौकस पोर विचारायचं, "मास्टर, हे आतून कसं चालतं?"

मामा त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "ते मला माहीत असायची परवानगी नाही, बाळा."