नळीवरची चीर

बाबा पर्यटकांना समुद्राखाली नेतात. हंगामाआधी त्यांचं जुनं स्कूबाचं सामान अंगणात पसरलं होतं. हवेच्या टाकीपासून तोंडापर्यंत येणारी रबरी नळी नव्यासारखी तुकतुकीत दिसत होती.

"अजून एक वर्स चलतली," बाबा म्हणाले.

मी ती वाकवून पाहिली. वळणावर बारीक चीर उघडली आणि बोटांना खोबरेल लागलं. रबर मऊ राहावं म्हणून आई पावसाळाभर नळीला तेल चोळत होती. त्या तेलानंच रबर फुगून कुजलं होतं.

आईनं त्या चिरेवरून बोट फिरवलं. "माका काय म्हायत? मी मायेन लावलंय."

"म्हणान माझ्या डोक्याक तेल उरला नाय!" टकलावर हात फिरवत बाबा म्हणाले आणि त्यांनी सुरीनं नळी कापून टाकली.

मला हायसं वाटलं. याच नळीतून बाबांनी घेतलेल्या श्वासांवर आमच्या घरातली पहिली पदवी माझ्या हाती आली. तिचे उपकार विसरता येणार नाहीत, पण म्हणून तिला पुन्हा पाण्यात जाऊ द्यायचं नव्हतं. जे तुटायचं ते अंगणात तुटलं, बाबा समोर बसलेले असताना.

आईनं तेलाची वाटी आणली आणि होतं नव्हतं ते सगळं बाबांच्या टकलावर चोळलं.